ऑर्गनच्या भात्यांवरचें विमान

विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस पूर्वीं भोपळा बांधीत, आणि वर कांठावर कोणीतरी दोर धरून उभें राही. उडावयास शिकणाऱ्यास असा भोपळा नव्हता. विमानास उथळ पाणी नाहीं. जमीन सुटली कीं एकदम खोलच. म्हणून जमिनीवर बसूनच विमानाच्या हालचालींची संवय व्हावी अशी युक्ति शोधण्याची धडपड विमानविद्येच्या अगदीं आरंभापासून चाललेली दिसते. १९१० च्या सुमारास फ्रान्समधील आंत्वानेत विमानांच्या शाळेंत पिंपाचीं दोन अर्धुकें एकावर एक बसवून त्यांवर शिकाऊ उमेदवारास बसवीत, आणि मदतनीस तें पिंप हातांनीं डोलवीत. इंग्लंडांत त्याच वेळीं सँडर्स नांवाचें एक यंत्र निघालें. तें चोहोंकडे कलणाऱ्या सांध्यावर वाऱ्याच्या तोंडीं उभें करीत. पण वारा पडला कीं शाळेस सुट्टी! या युक्त्या लवकरच मागें पडल्या. जी टिकली ती एका वाद्यांच्या कारखान्याच्या तळघरांत, हाताशीं असलेल्या सामानांतून जन्मास आली.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत बिंगहॅम्टन म्हणून एक गांव आहे. तेथें लिंक घराण्याचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. आपोआप वाजणारा पियानो हा त्याचा एक प्रमुख माल. त्यांत भोकें पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरे, भोकांवाटे हवा ओढली जाई, चिमुकले भाते मिटत आणि सूर वाजत. आपल्या पेटीचा भाता हवा ढकलतो, हे भाते हवा ओढून काम करीत. एरव्हीं जात एकच. मालकांचा मुलगा एडविन लिंक (जन्म १९०४) या भात्यांच्या व झडपांच्या संगतींतच वाढला. १९२० सालीं कॅलिफोर्नियांत त्यानें उड्डाणाचा पहिला धडा घेतला. तासास पन्नास डॉलर! शिक्षकानें आकाशांत कोलांट्या मारून दाखविल्या, पण शिष्याचा हात दांड्यास एकदांही लागूं दिला नाहीं. पैसे गेले आणि विद्या आली नाहीं. हा हिशेब त्या तरुणाच्या मनांत सलत राहिला.

१९२७ ते १९२९ या काळांत सुमारें अठरा महिने खपून त्यानें कारखान्याच्या तळघरांत आपलें जमिनीवरचें विमान तयार केलें. लांकडाचें एक ठेंगणें खोकें, त्यास आंखूड पंख व शेपूट, आंत एक बैठक. खोकें मध्यभागीं चोहोंकडे कलणाऱ्या सांध्यावर टेकलेलें, आणि त्याखालीं ऑर्गनचे चार भाते. विजेच्या मोटारीवर चालणारा पंप हवा ओढी. वैमानिकानें दांडा डावीकडे झुकविला कीं झडप फिरे, एका बाजूचा भाता मिटे, समोरचा फुगे आणि खोकें डावीकडे कलंडे. पायांनीं सुकाणूचे दांडे दाबले कीं हवेवरच चालणारें दुसरें एक यंत्र सगळें खोकें गरकन् फिरवी. या घडणींत नवीन शोध असा जवळजवळ नव्हताच. झडपा, नळ्या, भाते सगळें पियानोच्या पोटांतलें. नेमका हाच काळ बोलपटांच्या आगमनाचा. पडदा बोलूं लागला आणि चित्रपटगृहांतील ऑर्गनास गिऱ्हाईक उरलें नाहीं. बापाचा धंदा ज्या वर्षांत आटला, त्याच वर्षांत त्या धंद्याचें सामान मुलानें दुसऱ्या कामास लावलें.

१९२९ मध्यें त्यानें हक्काचा अर्ज केला आणि १९३१ मध्यें तो मंजूर झाला. पण घेणारे कोण? सैन्यास व विमानशाळांना हें खेळणें वाटलें. यंत्रें खपलीं तीं बहुतेक करमणुकीच्या बागांत. नाणें टाकावें, डोलावें आणि हंसत उतरावें! लिंकनें स्वतःची उड्डाणशाळा काढली. त्याच्या बंधूनें या खोक्यांत सहा तास सराव केला आणि मग खऱ्या विमानांत शिक्षकासह अवघीं बेचाळीस मिनिटें घालवून तो एकटा उडाला. तरीही जाणत्या मंडळींचा विश्वास बसेना.

त्यांचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा होता असें मात्र नव्हे. खरें विमान नीट वळत असतां बसलेल्यास कल जाणवत नाहीं. भार सरळ बैठकीवरच पडतो. लिंकच्या खोक्यांत अंग एका बाजूस घसरे. म्हणजे नक्कल सदोष होती. पण या यंत्राची खरी किंमत नकलेंत नव्हतीच, हें कळावयास वेळ लागला.

मनुष्याच्या कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतील द्रवामुळें डोकें फिरल्याचें ज्ञान होतें. वळण लांबत गेलें कीं तो द्रव नळ्यांबरोबरच फिरूं लागतो, आणि आपण सरळ जात आहों असें वाटतें. वळण थांबलें कीं उलट दिशेस फिरल्याचा भास होतो. क्षितिज दिसत असलें तर डोळे ही चूक सुधारतात. ढगांत क्षितिज नसतें. तेथें शरीरावर विश्वासणारा वैमानिक भोवऱ्यासारखा फिरत जमिनीकडे येतो आणि त्यास तें उमगतही नाहीं. यावर उपाय एकच. समोरच्या कांट्यांवर विश्वास ठेवावा आणि शरीर ओरडून सांगेल तें ऐकूं नये. सप्टेंबर १९२९ मध्यें जेम्स डूलिट्ल यानें झांकलेल्या बैठकींतून केवळ कांट्यांच्या आधारें विमान उडवून उतरवूनही दाखविलें होतें. लिंक स्वतः जाहिरातीचे दिवे पंखांखालीं लावून रात्रीं उडत असे. त्यानें खोक्यांत तेच कांटे बसविले आणि वर झांकण घातलें. आतां अंगास होणारा खोटा भासच उपयोगी पडूं लागला. भास होत असतांही कांटा मानावयाचा, हाच तर धडा!

फेब्रुवारी १९३४ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं खासगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द करून तें काम सैन्याच्या विमानदलाकडे दिलें. हिवाळा कडक, आणि कांट्यांवर उडण्याचा वैमानिकांचा सराव तुटपुंजा. काम सुरू होण्यापूर्वींच तयारीच्या उड्डाणांत तिघे तरुण दगावले, आणि पुढील दोन-तीन महिन्यांत हा आंकडा डझनावर गेला. त्याच दिवसांत नेवार्कच्या विमानतळावर कांहीं अधिकारी लिंकची वाट पाहत होते. धुकें व पाऊस इतका कीं, आज कोणी येणें शक्य नाहीं असें ठरवून ते परतण्याच्या बेतांत होते. तोंच ढगांतून विमानाचा आवाज आला आणि बिंगहॅम्टनहून निघालेला लिंक सुखरूप उतरला. यंत्राची याहून चांगली शिफारस ती कोणती? त्याच वर्षीं सैन्यानें प्रत्येकीं साडेतीन हजार डॉलर देऊन सहा यंत्रें घेतलीं. मरण पावलेल्या वैमानिकांच्या घरच्यांस हा सौदा फार उशिराचा होता.

यंत्राचें काम मोठें मौजेचें असे. झांकणाखालीं अंधारांत विद्यार्थी. बाहेर मेजाशीं शिक्षक. मेजावर नकाशा, आणि त्यावर तीन चाकांचें एक शाईचें यंत्र विद्यार्थ्याच्या काल्पनिक प्रवासाची रेघ ओढीत सरके. त्याचें नांव ‘खेकडा’. शिक्षक कानांत रेडिओच्या खुणा सोडी. गति फार कमी झाली कीं खोकें गिरक्या घेऊं लागे. झांकण उघडून विद्यार्थी बाहेर आला कीं आपण कोणत्या डोंगरास धडकलों असतों तें रेघेवर दिसे. जपानी नौदलानेंही तीं युद्धापूर्वींच विकत घेतलीं होतीं. दुसऱ्या महायुद्धांत अशीं सुमारें दहा हजार यंत्रें बनलीं आणि एकट्या अमेरिकेचे पांच लाखांवर वैमानिक त्यांतून तयार झाले.

लिंक १९८१ मध्यें वारला. भात्यांची जागा पुढें तेलाच्या दाबानें सरकणाऱ्या दांड्यांनीं व मग विजेच्या मोटारींनीं घेतली. आज हौशी लोक मोटारगाडीच्या कांचा पुसणाऱ्या लहान मोटारी जोडून घरच्या घरीं असें हलतें आसन बनवितात. खरें विमान मैलोगणती सरकतें. घरांतल्या आसनास वीतभरच जागा. म्हणून त्यास हालचालीचा पहिला धक्का तेवढा द्यावा लागतो, आणि बसलेल्यास कळणार नाहीं इतक्या मंद गतीनें पुन्हां मूळ जागीं आणावें लागतें. कानांतील त्या नळ्यांस एवढ्या मंद हालचालीची चाहूल लागत नाहीं.