जीर्णोद्धार आणि जतन

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. गावच्या देवळाचे शिखर ढासळले की गावकरी वर्गणी काढतात, गवंडी बोलावतात आणि शिखर पुन्हा उभे करतात. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत हे पुण्यकार्य केले आणि म्हणून त्यांचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. जीर्णोद्धारात जुने जाते, नवे येते आणि पूजा चालू राहते. त्यात वावगे काहीच नाही. परंतु जुन्या वास्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ जे काम करतात ते याहून निराळे आहे. त्यांच्या दृष्टीने जुना दगड हा साक्षीदार असतो. साक्षीदार म्हातारा झाला, त्याचा हात मोडला, तरी त्याच्या तोंडी आपले शब्द घालता येत नाहीत. त्याला फक्त आधार द्यायचा असतो, की ज्यायोगे तो आणखी काही शतके उभा राहून आपली साक्ष देऊ शकेल.

हा आधार द्यायचा कसा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जुन्या वास्तूंचे नुकसान शत्रूंनी केले, भूकंपांनी केले, पावसाने केले. पण कित्येक ठिकाणी ते शहाण्या, सुशिक्षित आणि सद्धेतूने काम करणाऱ्या दुरुस्तीकारांनीही केले. असे का घडले याचा विचार करावा म्हणून आम्ही अथेन्स शहरातील पार्थेनॉन या मंदिराची हकीकत निवडली आहे. तेथे चूक आणि चुकीची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच वास्तूत पाहावयास मिळतात. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. इतिहास आम्ही कॉलेजात शिकलो नाही, युनियनच्या कचेरीत दिवसाचे काम आटोपल्यावर वाचला. त्यामुळे वाचताना आमची नजर राजांच्या आणि सेनापतींच्या नावांवरून पुढे सरकते आणि हजेरीपटावर येऊन थांबते. आणि नवल असे की, अथेन्समध्ये अडीच हजार वर्षांपूर्वीचा हजेरीपट खरोखरीच शिल्लक आहे!

पार्थेनॉनचे बांधकाम इ. स. पूर्व ४४७ मध्ये सुरू झाले आणि त्यावरील शिल्पकाम इ. स. पूर्व ४३२ पर्यंत चालले. पेरिक्लीसच्या अमदानीतले हे काम. इक्टिनस व कॅलिक्रेटिस हे त्याचे स्थपती आणि फिडियस हा थोर शिल्पकार. त्याच टेकडीवर पुढे काही वर्षांनी इरेक्थियम नावाचे दुसरे मंदिर उभे राहिले. अथेन्सच्या लोकशाहीचा दंडक असा की, सार्वजनिक पैशाचा हिशेब दगडावर कोरून चव्हाट्यावर उभा करायचा. इरेक्थियमच्या या हिशेबाचे शिलालेख सापडले आहेत. कोणत्या कारागिराने कोणत्या खांबाच्या पन्हळी कोरल्या, त्याला किती दिवस लागले, किती पैसे दिले, हे त्यात नोंदले आहे. ज्या ८६ कामगारांचा सामाजिक दर्जा या लेखांवरून कळतो, त्यांत २४ नागरिक, ४२ परदेशी रहिवासी आणि २० दास होते. रोज ठरला होता तो एक द्राख्मा. नागरिकाला तोच, परदेश्याला तोच, दासाच्या नावावरही तोच. आणि स्थपतीलाही दिवसाला एकच द्राख्मा! दासाचा रोज बहुधा त्याच्या मालकाच्या हाती पडत असे, ही गोष्ट विसरून त्या काळाचे फाजील कौतुक करण्याचे कारण नाही. तथापि, कामाची किंमत माणसाच्या जन्मावर नव्हे तर कामावर ठरावी, आणि करणाऱ्याचे नाव कामासोबत राहावे, एवढा विचार त्या दगडावर कोरलेला आहे खास.

आता या कारागिरांच्या हातांकडे वळू. पार्थेनॉनच्या बांधणीत चुना नाही, कसलाही लेप नाही. पेंटेली डोंगरातला संगमरवर आणून त्याचे चिरे इतके चोख घासले आहेत की दोहोंमधली सांध नजरेला मोठ्या कष्टाने दिसावी. हे चिरे एकमेकांना धरून ठेवतात ते लोखंडी पट्टे. आमचा फिटर त्यांना क्लॅम्प म्हणेल. शेजारच्या दोन चिऱ्यांत खाच कोरायची, तिच्यात क्लॅम्प बसवायचा आणि भोवताली वितळलेले शिसे ओतायचे, अशी रीत होती. हे शिसे कशासाठी? एक तर त्याने हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही, म्हणून गंज धरत नाही. दुसरे असे की शिसे मऊ. भूकंपात दगड हलला तर लोखंडाचा धक्का दगडाला थेट न बसता तो शिशात जिरतो. शिशाच्या वेष्टनात राहिलेले कित्येक क्लॅम्प दोन हजारांहून अधिक वर्षांनी चांगल्या स्थितीत मिळाले. हे कोणा रसायनशास्त्रज्ञाने सांगितले नव्हते. पिढ्यानपिढ्या दगड फुटताना पाहिलेल्या पाथरवटाचे हे ज्ञान होते.

मधल्या दोन हजार वर्षांत या मंदिराने पुष्कळ सोसले. त्याचे चर्च झाले, नंतर मशीद झाली. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या तुर्की दारूवर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडून गेला. १८०१ नंतर लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पे काढून नेली. १८१६ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मालकीची झाली. त्यानंतर ग्रीस स्वतंत्र झाला. १८९४ च्या भूकंपाने उरलेल्या भागाला तडे गेले आणि दुरुस्ती निकडीची झाली.

हे काम १८९८ पासून निकोलाओस बालानोस या इंजिनियराने हाती घेतले आणि चाळीस-एक वर्षे टेकडीवरील दुरुस्तीची सूत्रे त्याच्या हाती राहिली. माणूस कर्तबगार होता. जमिनीवर विखुरलेले खांबांचे गोल चिरे गोळा करून त्याने पार्थेनॉनची उत्तरेकडील रांग पुन्हा उभी केली. ज्यांनी तोवर नुसते ढिगारे पाहिले होते त्यांना डोळ्यांसमोर मंदिर दिसू लागले, आणि जगाने त्याची वाहवा केली. १९३१ साली अथेन्सला वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींनी टेकडीवर जाऊन हे काम पाहिले. त्या परिषदेच्या सनदेने आधुनिक साहित्याच्या, विशेषतः लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या, सुज्ञ वापराला संमती दिली. लोखंड आणि सिमेंट हा त्या युगाचा विश्वास होता.

बालानोसनेही लोखंडाचे क्लॅम्प वापरले. प्राचीन कारागिरांनी वापरलेली वस्तू तीच, मग बिघडले कोठे? बिघडले ते शिशात. त्याने शिसे गाळले आणि लोखंड सिमेंटात बसवले. पाणी आत शिरले, लोखंड गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दगडावर दाब येत गेला आणि जो संगमरवर तोफगोळ्यातून वाचला होता तो दुरुस्तीकाराच्या क्लॅम्पने चिरला. दुसरी गोष्ट, लोखंडी तुळया बसवण्यासाठी त्याने कित्येक प्राचीन चिरे कापले. तिसरी गोष्ट, त्याने एका जागेचे चिरे दुसऱ्या जागी बसवले. वरवर पाहता खांबाचा चिरा तो खांबाचा चिरा! पण पार्थेनॉनमध्ये तसे नाही. त्याचा ओटा सपाट दिसतो, परंतु लांबीच्या बाजूंना तो मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर उचललेला आहे. खांब किंचित आत झुकलेले आहेत आणि मध्ये किंचित फुगीर आहेत. म्हणजे प्रत्येक चिरा त्याच्याच जागेसाठी घडवलेला आहे.

बालानोसला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याचे गणितही कच्चे नव्हते. त्याने एवढेच गृहीत धरले की, जुन्या कारागिराने केलेली जी गोष्ट आपल्याला अनावश्यक दिसते ती अनावश्यकच असणार. कारखान्यात नवा साहेब येतो, जुना तेलवाला बेअरिंगपाशी उगाच थांबतो असे त्याला वाटते, तो माणूस कमी करतो. आणि बेअरिंग जळते तेव्हा दोष यंत्राला दिला जातो. आमच्या चळवळीतल्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही.

पुढे शहराच्या धुराची भर पडली. हवेतील गंधकाच्या वायूमुळे संगमरवराच्या पृष्ठभागाचे जिप्सम होऊ लागले आणि शिल्पांचे नाकडोळे पावसाबरोबर झरू लागले. १९७५ साली ग्रीक सरकारने टेकडीवरील वास्तूंच्या जतनासाठी समिती नेमली. तिच्यात इंजिनियर होते, पुराणवस्तुतज्ज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. इरेक्थियमच्या सज्जाचा भार पेलणाऱ्या स्त्रीमूर्तींपैकी तेथे उरलेल्या पाच १९७९ मध्ये संग्रहालयात हलवल्या गेल्या आणि त्यांच्या जागी प्रतिकृती बसवल्या. १९८० नंतरच्या दशकात पार्थेनॉनचे काम सुरू झाले. त्याचे मुख्य अभ्यासक मानोलिस कोरेस या स्थपतीने एकेका चिऱ्याची मापे, खाचा, झीज आणि तड्यांच्या रेषा तपासून त्याची मूळ जागा हुडकली. मग बालानोसचे लोखंड काढायचे, चिरे उतरवायचे, फुटलेले जोडायचे आणि आपापल्या जागी परत बसवायचे, असे हे काम पिढ्या ओलांडून चालले.

या कामाचे नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले होते की जेथे अंदाज सुरू होतो तेथे दुरुस्ती थांबली पाहिजे. ग्रीक तज्ज्ञांनी त्यात आपली भर घातली: आज आपण जे करू ते उद्या कोणाला काढता आले पाहिजे. म्हणजे, आपणही चुकू शकतो हे मनाशी धरूनच काम करायचे! लोखंडाऐवजी त्यांनी न गंजणारा टायटॅनियम धातू घेतला आणि क्लॅम्पची जाडी अशी बेतली की, मोठ्या भूकंपात आधी क्लॅम्प वाकावा, दगड फुटू नये. म्हणजे शिसे जे करीत होते तेच कार्य नव्या धातूकडून करवून घेतले. जेथे नवा तुकडा लागतो तेथे जुना चिरा कापून सरळ करीत नाहीत. तुटलेल्या खडबडीत बाजूचा प्लॅस्टरचा साचा घेतात आणि नव्या संगमरवरावर तोच खडबडीतपणा उलटा कोरतात. जुने तसेच राहते, नमते घ्यायचे ते नव्याने.

आणि हे कोरतो कोण? यंत्र साचा उतरवून पुष्कळसे काम करते, पण अखेरची छिन्नी माणसाच्या हातात असते. या टेकडीवरील संगमरवर-कारागिरांपैकी अनेक जण टिनोस बेटावरचे. तेथे दगडकामाची जुनी परंपरा आहे, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्या कारागिरीचीही मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. आमच्या मते या साऱ्या कथेतील मर्माची गोष्ट हीच आहे. इमारत वारसा आहे, तशी ती घडवणारी विद्याही वारसा आहे. आणि विद्या दगडात राहत नाही, माणसात राहते.

ही हकीकत परदेशची म्हणून ऐकून सोडून देण्यासारखी नाही. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांसाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवले. त्यांनी गळू घातलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, आणि पुष्कळ चित्रे त्यामुळे वाचली. पण रंगांवर त्यांनी लाखेचे रोगण दिले. पुढे ते पिवळे-तपकिरी पडले, चिरफळले, आणि ते अलगद काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या. हेतू चांगला, साहित्य परके, गोष्ट तीच.

आणि आपले वाडे, घाट, किल्ले? ते चुन्यात बांधलेले आहेत. चुना ओल शोषतो आणि सोडतो, भिंत हलली तर थोडा तिच्याबरोबर हलतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की भिंत वरून नीटस दिसते, पण ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि अखेर सिमेंट दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटते. घाणीत चुना मळणारा, तो किती दिवस मुरू द्यायचा हे बोटांनी ओळखणारा गवंडी हाच आपला शिसे ओतणारा माणूस आहे. परंतु काम निघते ते सर्वांत कमी दराच्या निविदेवर; ठेकेदार माणसे आणतो आणि काम संपले की ती नाक्यावर परत जातात. ज्या हाताला पुढच्या महिन्याच्या कामाची शाश्वती नाही तो हात आपल्या मुलाला हे काम कशाला शिकवील?

म्हणून जतनाचा प्रश्न हा निव्वळ पुराणवस्तुतज्ज्ञांचा प्रश्न नव्हे, तो मजुरीचाही प्रश्न आहे. आपल्या नगरीत एखाद्या जुन्या वास्तूचे काम निघेल तेव्हा नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: जुन्या बांधणीचा अभ्यास कोणी केला, केलेले काम उद्या उलटवता येईल काय, आणि ते करणारे कारागीर कायमचे नेमले आहेत की रोजंदारीवरचे? उद्घाटनाच्या शिलेवर मंत्र्यांचे आणि ठेकेदाराचे नाव असतेच. अथेन्सच्या लोकांनी पन्हळी कोरणाऱ्याचे नाव आणि त्याचा रोज दगडावर कोरला. तो दगड आजही वाचता येतो.