नळीच्या आतलं कोणी पाहिलंय?

पिंपरीहून मेट्रो पकडून फुगेवाडीकडे जाता, तेव्हा खालचा पूल अखंड वाटतो. तो अखंड नाही. काँक्रीटचे पोकळ ठोकळे, म्हणजे सेगमेंट, यार्डात ओतले, ट्रेलरवर आणले, एकाला एक चिकटवले. मग आरपार पोलादी केबल घालून त्या ताणल्या आणि केबलच्या नळ्यांमध्ये सिमेंटचं पातळ मिश्रण पंपानं भरलं. हेच ग्राउट. केबलला गंजापासून वाचवायचं मुख्य काम त्याचं.

आजचा विषय एवढाच: ग्राउट पूर्ण भरलंय, हे नंतर कळतं कसं?

४ डिसेंबर १९८५. वेल्समधला यनिस-इ-ग्वास नावाचा १९५३ चा छोटा पूल कोसळला. आधी तडा नाही, वाक नाही, काही नाही. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. त्याच्या तुळया प्रीकास्ट तुकड्यांच्या होत्या आणि केबल गंजल्या होत्या नेमक्या सांध्यांत. रस्त्यावरच्या बर्फासाठी टाकलेलं मीठ पाण्याबरोबर तिथे झिरपलं होतं.

सात महिन्यांनी, ५ जुलै १९८६ ला, पणजीचा मांडवी पूल पडला. तोही ताणलेल्या केबलचा. वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षं! इथेही केबल गंजल्या होत्या, आणि मीठ तर खाडीच्या हवेतच. लोक पुन्हा फेरीबोटीत बसायला लागले.

ब्रिटननं १९९२ मध्ये ग्राउट केलेल्या केबलचे नवे पूल बांधणंच थांबवलं. १९९६ मध्ये बंदी उठली, पण प्रीकास्ट सेगमेंटच्या पुलांवर ती पुढेही राहिली. मला हे प्रामाणिक वाटतं. जे तपासता येत नाही ते बांधू नका. आपल्याकडे वेगळी वाट निघाली: पुढे कधी जादा केबल ओढावी लागली तर तिची सोय पुलात आधीच ठेवायची.

दरम्यान, १९८० च्या दशकात अमेरिकेत मेरी सॅन्सलोन आणि निकोलस कॅरिनो यांनी इम्पॅक्ट-एको विकसित केलं. काँक्रीटवर छोटी पोलादी गोळी आपटायची आणि शेजारच्या सेन्सरनं प्रतिध्वनी टिपायचा. आत पोकळी असेल तर लाटेचा मार्ग बदलतो, फ्रिक्वेन्सी सरकते. कलिंगड टिचकी मारून घेतो ना, तसंच, फक्त ग्राफसकट. पण गोची अशी, की नळी प्लास्टिकची असेल तर भरलेली नळीसुद्धा रिकामीसारखी ‘बोलते’. मग शेवटी बारीक भोक पाडून एंडोस्कोप घालावाच लागतो, आणि तो फक्त त्या भोकापाशीच बघतो.

पोकळी बहुतेक नळीच्या सगळ्यात उंच जागी सापडते. ग्राउटमधलं पाणी वर येतं, नंतर शोषलं जातं, मागे हवा उरते. चाकणला एखाद्या शेडचा प्रीकास्ट खांब पायात बसवतानाही असंच. वरच्या तोंडातून ग्राउट बाहेर आलं की बूच लागतं. पण खालून गळती असेल तर बुचामागे पातळी हळूच उतरते. म्हणून थोड्या वेळानं बूच काढून पुन्हा बघणारा माणूस लागतो. ते दहा मिनिटांचं काम आहे आणि ते त्याच दिवशी करता येतं.