मसुदा, मुकाबला आणि सही

मी सातवीला मराठी शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना 'सुट्टीतला एक दिवस' असा निबंध लिहायला दिला आणि या वेळी वह्या स्वतः न तपासता शेजाऱ्याकडून तपासून घ्यायचं ठरवलं. मुलांनी एकमेकांचं लेखन वाचावं, चुका दाखवाव्यात, नवे शब्द सुचवावेत, हा हेतू. तो चांगलाच होता. पण सूचना दिली ती एवढीच : "चूक दिसली की दुरुस्त करा."

एका मुलाने आपल्या शेजारच्या मुलीच्या निबंधात सगळीकडे व्हाइटनर फिरवला. तिच्या 'खाला'ची 'मावशी' झाली, 'अब्बा'चे 'बाबा' झाले आणि 'नाश्त्याची' 'न्याहारी' झाली. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. 'खाला' हे 'खाल्ला'चं चुकलेलं रूप आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं. मुलीने वही घेतली, काही बोलली नाही. पुढचा निबंध चार ओळींचा आला आणि त्यात एकही नातेवाईक नव्हता.

चूक माझी होती. दुसऱ्याचं लेखन तपासायचं कसं, हे मी शिकवलंच नव्हतं. आणि गंमत अशी की ज्या परंपरेचा मी उठता-बसता अभिमान बाळगतो, तिथे या कामाचे बारीकसारीक नियम आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहेत.

दमिश्कच्या दारुल हदीस अशरफिया या विद्यालयात शिकवणारे इब्न अल-सलाह इ.स. १२४५ मध्ये वारले. हदीसशास्त्रावरच्या त्यांच्या ग्रंथात लेखनावर एक संपूर्ण प्रकरण आहे. छापखाना नव्हता, प्रत्येक विद्यार्थी स्वतःची प्रत स्वतः लिहून घेई. लिहिणाऱ्याचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरणारच. म्हणून प्रत उतरवून झाली की ती मूळ प्रतीशी ताडून पाहायची. दोघे बसत, एक मोठ्याने वाची, दुसरा हातातल्या प्रतीवर नजर ठेवी. याला नाव होतं मुकाबला, म्हणजे समोरासमोर ठेवणं. उर्वा बिन झुबैर यांची एक आठवण या ग्रंथात येते. मुलाला त्यांनी विचारलं, लिहून झालं का? झालं. ताडून पाहिलंस? नाही. मग तू लिहिलंच नाहीस, असं ते म्हणाले.

वर्गात मी फळ्यावर 'मुकाबला' लिहिलं तेव्हा मागच्या बाकांवरून "भारत-पाकिस्तान!" अशी आरोळी आली. साहजिक आहे. आज मराठीत हा शब्द ऐकू येतो तो बहुधा लढतीच्या अर्थाने. मात्र ताडून पाहण्याची ती रीत मराठीत दुसऱ्या नावाने नांदते आहे : रुजवात. हाही शब्द मूळचा अरबी. जमिनीच्या कागदाची जुन्या पद्धतीची नक्कल काढली तर खाली 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन वेगळ्या जागा दिसतात. उतरवणारा एक, ताडणारा दुसरा. ('नक्कल' म्हणजे परीक्षेतली कॉपी नव्हे, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला.)

मला सर्वांत मोलाचा वाटला तो खोडण्याचा नियम. चुकलेला शब्द चाकूने खरवडायचा नाही, त्यावर रेघ मारायची, पण खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. जुने उस्ताद पाठाच्या बैठकीत चाकू आणणंच नापसंत करीत. कारण असं की आज चूक वाटलेला शब्द उद्या दुसऱ्या परंपरेत बरोबर ठरू शकतो, आणि खरवडून टाकला असेल तर तो कुठून आणणार? शंका दाखवण्याची खूणही वेगळी होती. शब्द बरोबर असेल तर त्यावर 'सह्ह' लिहीत. शब्द तसाच मिळालेला आहे, पण त्याबद्दल मन साशंक आहे, तर त्या खुणेचं फक्त पहिलं अक्षर लांबवून काढीत. अर्धी सही म्हणा ना! शब्दाला हात लावायचा नाही, फक्त शंका नोंदवायची.

आपली 'सही' याच कुळातली. आणि 'मसुदा' तर अरबी 'मुसव्वदा', म्हणजे काळा केलेला कागद. खाडाखोडीने काळवंडलेला तो मसुदा आणि स्वच्छ उतरवलेली प्रत ती 'मुबय्यजा', पांढरी केलेली. मराठीने यातला काळा शब्द ठेवून घेतला, पांढरा तिकडेच राहू दिला. काळ्या कागदाची लाज वाटणाऱ्या मुलांना हे सांगितलं की बरं वाटतं.

आपल्या शब्दांचा हा हिशेब मांडणाऱ्यांत माधव ज्युलियन मोठे. फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश आला आणि पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. त्यांचं ते मत मला पटत नाही, पण कोश रोज लागतो. चाकू हाती घेण्याआधी त्यांनी निदान सगळे शब्द लिहून तरी ठेवले.

आता आमच्या वर्गात व्हाइटनर बंद आहे. जोडीदार निबंध मोठ्याने वाचतो, लिहिणारा ऐकतो आणि निम्म्या चुका त्याच्या त्यालाच कळतात. अडलेल्या शब्दावर जोडीदाराने फक्त अर्धवर्तुळ काढायचं. लिहिणाऱ्याने शब्द बदलायचा किंवा वर्गाला अर्थ सांगायचा. प्रत्येक परिच्छेदानंतर एक रिकामं वर्तुळ आणि रुजवात झाली की त्यात टिंब, ही खूणही जुन्या हस्तलिखितांतूनच उचलली.

मुलींना मी करीमा अल-मरवझिया यांच्याबद्दल सांगितलं. अकराव्या शतकात मक्केत सहीह बुखारी शिकवणारी ही बाई आपल्या मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देत नसे. बगदादचे नामवंत विद्वान खतीब बगदादी यांनीही हजच्या वेळी त्यांच्याकडे तो ग्रंथ वाचला.

गेल्या महिन्यात त्या मुलीने पुन्हा मोठा निबंध लिहिला. तोच जोडीदार. 'खाला'वर त्याने अर्धवर्तुळ काढलं. तिने उभं राहून सांगितलं, "आईची बहीण." त्यावर त्याने विचारलं, "मग वडिलांच्या बहिणीला काय म्हणता?" "फुफी." तो शब्द निबंधात नव्हता, तरी त्याने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. मग वर्तुळात टिंब दिलं. निबंधाखाली दोन सह्या आहेत, लिहिणारीची आणि रुजवात घेणाऱ्याची.