मुंबई फाइव्ह्‌ज : एका विजेत्या संघाचा हंगाम

आपल्या शहरात फुटबॉल म्हटलं की आमखास मैदान आठवतं. छताखालच्या फुटबॉलला इथे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तरीही क्रीडा-इतिहासावर लिहायचं ठरल्यावर मी अशाच एका संघाचा हंगाम निवडला. संघाचं नाव मुंबई फाइव्ह्‌ज, साल २०१६. हा संघ देशपातळीवरच्या लीगचा पहिला विजेता ठरला आणि त्या हंगामात मुंबईत एक मिनिटही खेळला नाही.

हा खेळ म्हणजे फुटसाल. त्याचा जन्म १९३० साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात झाला. त्याच वर्षी उरुग्वेने पहिला विश्वचषक जिंकला होता आणि पोरांना मैदानं पुरेनाशी झाली होती. तिथल्या वायएमसीएतले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी पाहिलं, की मुलं बास्केटबॉलच्या कोर्टवरच चेंडू लाथाडतात. त्यांनी मुलांना हाकललं नाही, नियम बनवून दिले. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटं बास्केटबॉलकडून घेतली, गोलपोस्ट हँडबॉलचा, गोलरक्षकाचे काही नियम वॉटरपोलोचे. (क्रीडाशिक्षक असावा तर असा, हे आपल्या सरांना वाचायला आवडेल.) फुटसालचा चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान असतो आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो. त्यात ऑफसाइड नाही. चेंडू बाहेर गेला तर चार सेकंदांत आत आणावा लागतो. त्यामुळे दमाइतकीच पहिल्या स्पर्शाची परीक्षा होते.

भारतात 'प्रीमियर फुटसाल' ही लीग जुलै २०१६ मध्ये सुरू झाली. मुंबई, चेन्नई, कोची, गोवा, कोलकाता आणि बंगळुरू असे सहा संघ होते. लुईस फिगो लीगचा अध्यक्ष, विराट कोहली सदिच्छादूत. प्रत्येक संघाला एकेक गाजलेला परदेशी खेळाडू मिळाला. मुंबईकडे रायन गिग्ज आला. मँचेस्टर युनायटेडशी असलेला कित्येक दशकांचा संबंध संपवून त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि वय होतं बेचाळीस. चेन्नईकडे ब्राझीलचा फाल्काव होता. हा मात्र खरा फुटसालचाच राजा.

१५ जुलैला चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये पहिलाच सामना चेन्नई विरुद्ध मुंबई असा झाला आणि मुंबईने तो जिंकला. पण बातम्यांत राहिला गोव्याचा रोनाल्डिन्यो. बंगळुरूविरुद्ध त्याने एकट्याने पाच गोल केले, सामना गोव्याने ७-२ असा जिंकला. नंतर तो हंगाम अर्ध्यात सोडून मायदेशी परतला आणि त्याच्या जागी काफू आला. लोकांनी तिकिटं ज्याच्यासाठी काढली तोच नाही! पण त्या लीगची मांडणीच तशी होती.

स्पर्धा पुढे गोव्यात, म्हापशाजवळच्या पेडे इथल्या इनडोअर स्टेडियममध्ये गेली. २४ जुलैला तिथे मुंबई आणि कोची यांच्यात अंतिम सामना झाला. निर्धारित वेळेत बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबईने करंडक जिंकला.

आता हिशोब मांडा. गटातले दोन सामने, एक उपांत्य, एक अंतिम. चाळीस मिनिटांचे चार सामने, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. एखादा हिंदी सिनेमा बसेल एवढा विजेत्या संघाचा अख्खा हंगाम!

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या लीगला मान्यता दिली नव्हती. आयोजकांच्या बाजूला उभी असलेली फुटसालची संघटना वेगळ्याच जागतिक संस्थेशी जोडलेली होती, फिफाशी नव्हे. याचा फटका गिग्जला बसायचं कारण नव्हतं. बसला तो भारतीय मुलांना. दिग्गजांच्या बाजूला उभं राहून ती खेळली, पण तिथून देशाच्या संघाकडे जाणारी पायरीच नव्हती. महासंघाने स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा घेतली ती थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिल्लीत. भारताचा संघ आशिया चषकाच्या पात्रता फेरीसाठी ताजिकिस्तानात दुशान्बेला गेला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. २०१६ साली जो विशीत होता, त्याचा उमेदीचा काळ तोवर सरून गेला होता.

दोष सगळा महासंघाचा, असं मला वाटत नाही. कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे तालमी-मंडळांचे संघ. शाहू स्टेडियमवर हरले तरी संध्याकाळी त्याच पेठेत परततात, आणि पेठ त्यांना हरल्याबद्दल बोलही लावते. मुंबई फाइव्ह्‌जना बोल लावणारं कुणी नव्हतं. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा जुना, मान्यवर संघ २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा हळहळणारी माणसं निदान कूपरेजवर तरी होती.

आपल्या शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर पावसाळ्यात पाच-पाच जणांचे डाव व्हायचे, ते आठवतात ना? दप्तरांचे गोलपोस्ट आणि हवा कमी झालेला, न उसळणारा चेंडू. सेरियानींचं नाव आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं, पण खेळत होतो बहुतेक त्यांचाच खेळ. नववी 'ब'चा संघ त्या एका पावसाळ्यात मुंबई फाइव्ह्‌जपेक्षा नक्कीच जास्त सामने खेळला असेल.

२०१७ मध्ये लीगचा दुसरा हंगाम झाला. मुंबईच्या संघाचं नाव बदलून 'मुंबई वॉरियर्स' ठेवलं गेलं आणि वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, आपल्या शहरातल्या प्रेक्षकांसमोर, तो एकदाचा खेळला. त्यानंतर ही लीग पुन्हा झाली नाही.