भोंगा, दिवा आणि रविवार

दोन दिवस मोबाइल बंद करून कुठेतरी निघून जावं, असं म्हणणारी माणसं हल्ली वरचेवर भेटतात. जंगलातली झोपडी, नदीकाठचा तंबू, टीव्ही नाही, इंटरनेट नाही, अशा जाहिरातीही दिसतात आणि त्या ‘नाही’चे चांगले पैसे मोजावे लागतात. काहींना ही श्रीमंतांची हौस वाटते. मला तसं वाटत नाही. यंत्रापासून आठवड्यात एक दिवस तरी सुटका हवी, ही मागणी आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती जोरानं मांडली मुंबईच्या गिरणी कामगारांनी.

त्याआधी आपल्याकडे आठवड्याची ठरलेली सुटी अशी नव्हती. विसाव्याचे दिवस मात्र होते. आठवडी बाजार, एकादशी, गावची जत्रा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असायचं. आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीनं मळायचे. खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारं घासूनपुसून मांडायचा, फुलं वाहायचा आणि त्या दिवशी ती चालवायचा नाही. (आता त्या पाटावर लॅपटॉप आणि मोबाइलही येऊन बसतात. हळदकुंकू वाहून झालं की त्याच मोबाइलनं फोटो काढून तो लगेच नातेवाइकांना पाठवला जातो, ते सोडून द्या.) जनावरालाही विश्रांती लागते, अवजारालाही लागते, ही समज त्यात होती.

वाफेच्या इंजिनाला पोळा नसतो. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, देशावरून माणसं तिथं आली. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम आणि महिन्याला चार सुट्या. सात वर्षांचं मूल कामावर येणार, हे कायद्यानं गृहीतच धरलं होतं! मोठ्या माणसांसाठी त्यात वेळेची मर्यादाही नव्हती आणि सुटीही नव्हती.

इथं नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव येतं. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस ‘दीनबंधू’ या पत्राचा संपादक होता. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनं नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. मागण्या वाचल्या की आजही चमकायला होतं. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखमी झाल्यास भरपाई. रविवार हा खंडोबाचा वार, तोच सुटीला हवा, असंही तेव्हा म्हटलं गेलं, असं सांगतात. ते शब्दशः खरं असो वा नसो, घाटावरच्या माणसाला पटण्यासारखं आहे एवढं नक्की.

पुढं २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळ सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. त्या काळात गिरणीत काम करणारी बाई एवढ्या गर्दीपुढं उभी राहून बोलते, हे मला सुटीच्या मागणीइतकंच मोठं वाटतं. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यानं साप्ताहिक सुटीला आधार दिला. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी झटताना गेले. उशिरापर्यंत अंथरुणात लोळत आपण ज्या दिवसाचा आनंद घेतो, त्या दिवसामागे हा माणूस आहे.

रविवार मिळाला खरा, पण पुढच्या पंधरा वर्षांत संध्याकाळ गेली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला की यंत्र थांबवण्याची गरजच उरली नाही. कामाचा दिवस बारा-तेरा तासांवरून चौदा तासांवर आणि त्याही पुढं गेला. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, सरकारनं चौकशी केली, आणि १९११ च्या कायद्यानं कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व्हायला १९४६ साल उजाडलं. दिवा वाईट होता का? मुळीच नाही. तो कधी मालवायचा हे ठरवण्याचा हक्क कामगाराच्या हाती नव्हता.

मालकवर्ग मात्र यंत्रापासून दूर जायची वाट केव्हाच शिकला होता. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले आणि मुंबईच्या साहेबांना व शेठजींना थंड हवेचं ठिकाण सापडलं. पीरभॉय घराण्यानं नेरळहून वर आणलेली छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. माथेरानमध्ये मोटारींना मात्र बंदी राहिली. आजही त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून चालत आत गेलं की थोड्याच वेळात कान मोकळे होतात आणि पाय लाल मातीनं माखतात. पण जो चालू शकत नाही, त्याला घोडा किंवा माणसानं ओढायची हातरिक्षा. आपल्या शांततेचं वजन चढावर कुणीतरी दुसरा ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असं म्हणत सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. ई-रिक्षांमुळे माथेरानचं माथेरानपण जाईल, अशी हळहळ मी ऐकली आहे. ही हळहळ करणाऱ्यांपैकी रिक्षा ओढणारा मला एकही भेटला नाही.

आता आपली गोष्ट. महाराष्ट्र सरकारनं २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. लोखंड्यांनी एक दिवस मागितला होता, इथं दोन मिळाले. पण कचेरी खिशात घेऊन घरी येणाऱ्याला शनिवार काय नि रविवार काय! कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं कायद्याची वाट पाहिली नाही. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर गेली होती. शाळा पुन्हा भरली, तरी मोबाइल मुलांच्या हातातून सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावातल्या बायकांच्या सभेत ठरलं, की भोंगा आणायचा. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांत टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलत बसायचं. सुरुवातीला पुरुषमंडळींनी हसण्यावारी नेलं. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून विनवू लागले.

मुंबईत गिरणीचा भोंगा वाजला की परळ-लालबागच्या चाळींतून माणसं धावत सुटायची. वडगावात सातचा भोंगा झाला, की पोरं दप्तर काढून बसू लागली.