बीड : पाणी ठरवतं पीक, अन् पीक ठरवतं कोयता

बीड जिल्ह्यात पाणी सगळीकडे सारखं नाही. गेवराई, माजलगाव भागाला जायकवाडीच्या उजव्या कालव्याचा आधार आहे, तिथं ऊस उभा राहतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या पट्ट्यात बरंच रान हलकं, मुरमाड आहे. पाऊस कमी झाला की दिवाळीनंतर विहिरी तळ गाठतात.

पिकाची निवड
सोयाबीन साधारण 100 दिवसांत निघतं आणि मळणीयंत्रावर लगेच उरकतं. म्हणून कमी पाण्यात, कमी माणसांत तेच परवडतं. कापसाची वेचणी हातानं, तीही दोन-तीन वेळा. रब्बी ज्वारी जमिनीच्या ओलीवर येते, पण त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस लागतो.

उचल आधी, पाऊस नंतर
खरी अडचण वेळेची आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. तेव्हा खरिपाचं खतं-बियाणं अंगावर असतं आणि रब्बीचा काही भरवसा नसतो. पैसे घेतले की दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघते, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. मधल्या काळात परतीचा पाऊस चांगला झाला, तरी ज्वारी राखायला अन् काढायला घरात माणूस नसतो. रान बटईनं जातं किंवा पडीक राहतं. पाण्यासाठी गाव सोडलेली माणसं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडतात.

मागे राहणाऱ्यांचं काय
कापूस फुटतो तेव्हाच गावात वेचणीला बायका कमी पडतात, मजुरीचा दर चढतो. ज्वारी घटली की कडबा घटतो. मग जनावरं बाजारात जातात, शेणखत कमी होतं आणि रानात ओल टिकत नाही. पुढच्या साली पाण्याची तूट आणखी जाणवते.

काय केलं तर फरक पडेल
शेततळ्यातलं एखादं संरक्षित पाणी हरभरा, ज्वारी तारून नेतं. पण शेततळं असो की रोजगार हमीचं काम, त्याची खात्री उचल घेण्याआधी, आषाढ-श्रावणातच मिळायला हवी. दिवाळीत मंजूर झालेलं काम कुलूप लावलेल्या घराच्या काही कामाचं नाही.