नेसूची गाठ

मराठीत 'गाठ' हा शब्द फार कामाचा आहे. लग्नाची गाठ असते, पदराला मारलेली गाठ असते, नेसूची गाठ असते. दोन माणसे वाटेत भेटली तरी आपण त्यांची गाठ पडली म्हणतो. आणि अंगावर उठते ती गाठही गाठच. या शेवटच्या गाठीला वैद्यकात अर्बुद म्हणतात. हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. ती गाठ वाईट निघाली की तिचा कर्करोग होतो. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांना या रोगाच्या पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. अरबीत आणि उर्दूत याच रोगाला सरतान म्हणतात आणि सरतानचा अर्थही खेकडाच. तीन संस्कृतींनी एकाच प्राण्याचे नाव दिले, आणि आपल्या घरांतून ते नाव उच्चारायचे नाही हेही सगळ्यांनी सारखेच ठरवले. आमच्या घरात दोन भाषा बोलल्या जात, पण हे दुखणे दोन्ही भाषांत 'ते दुखणे' एवढेच होते.

आज मला नेसूच्या गाठीची आणि अंगावरच्या गाठीची जिथे गाठ पडते, तिथला इतिहास सांगायचा आहे. तो मुंबईत सुरू होतो.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ मध्ये जन्मलेले खानोलकर लंडनला शिकले होते, आणि भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतात. विकृतिशास्त्रज्ञाचे काम असे की, शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कागदाहून पातळ काप घ्यायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगायचे की हे काय आहे. खानोलकरांची नजर मात्र काचेवर थांबली नाही. हा तुकडा ज्या माणसाचा आहे तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही त्यांना हवे होते.

१९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी एक निबंध अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय होता चालीरीती आणि कर्करोग. त्यात भारतातले तीन नवे प्रकार सांगितले होते. आंध्रच्या किनाऱ्यावर काही लोक चुट्टा, म्हणजे जाड विडी, पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांच्या टाळूला होणारा कर्करोग हा एक. खालच्या ओठाच्या खोबणीत खैनीची गोळी ठेवणाऱ्यांना तिथेच होणारा दुसरा. आणि तिसरा धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेच्या कातडीवर तो दिसत असे. त्याआधी काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावरच्या कर्करोगाची नोंद एकोणिसाव्या शतकात झालेली होती. त्याच घराण्यातले हे तीन भाऊ.

या शोधाला मोठे यंत्र लागले नव्हते. लागला होता तो एक साधा प्रश्न: बाबा, तुम्ही धोतर कुठे बांधता?

पुढे शहरांतून धोतर गेले, विजार आली, पट्टा आला. धोतराचा कर्करोग पुस्तकात उरला. पण बायकांचे नेसणे तसेच होते. नऊवारी लुगडे कमरेला घट्ट गाठ मारूनच नेसले जाते, त्याखाली परकर नसतो. पाचवारी आली तेव्हा परकर आला आणि परकराबरोबर नाडी आली. नाडी तर लुगड्याच्या गाठीहून बारीक, म्हणून जास्त काचणारी. मुंबईच्या डॉक्टरांनी या रोगाला 'साडी कॅन्सर' असे नाव दिले. मग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत दिली. एक सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष जखम होती, भोवतीच्या कातडीचा रंग उडाला होता. ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी साठीच्या अखेरीची. तिने चाळीस वर्षे लुगडे नेसले होते, परकराशिवाय. तिची जखम दोन वर्षे भरत नव्हती, आणि तपासणी झाली तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे वाचले तेव्हा मला आमच्या केडगावच्या बाया आठवल्या. दौंड तालुक्यातले हे रेल्वे स्टेशनचे गाव, कांद्याच्या बाजाराचे. कांदा निवडायला, खुरपायला, उसाच्या लागणीला बाई दिवसभर वाकलेली किंवा उकिडवी असते. लुगडे सुटू नये म्हणून गाठ आणखी आवळलेली. घाम, धूळ, त्यावर दोरीसारखा पिळलेला काठ. जुन्या बायांच्या कमरेवर काळा पट्टा असतो, कुणाच्या पांढरा. तिला विचारले तर ती हसून म्हणते, "आवो, ते नेसूचं वण हाय." ते खरेच असते. हजारांत हजार बायांचे ते वणच असते आणि वणच राहते. म्हणूनच ज्या एखादीचे पुढे बिघडते, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

बिघडते कसे? कातडी काचते, सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. प्रत्येक वेळी शरीर नव्या पेशी तयार करून ती जागा बुजवते. दहा-वीस-तीस वर्षे हे चालले की कधीतरी एखादी पेशी थांबायचे विसरते. जुन्या वणावर, भाजल्याच्या डागावर, न भरणाऱ्या जखमेवर उगवणाऱ्या अशा रोगाला मार्जोलिन अल्सर म्हणतात. पॅरिसचे शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा जखमांचे वर्णन केले होते, म्हणून हे नाव. आपल्याकडे नासूर शब्द आहे. उर्दूतून आलेला हा शब्द शायरांनी प्रेमाच्या जखमेसाठी इतका वापरला, की खऱ्या नासुराकडे पाहायचे राहून गेले.

दुर्मीळ रोगाची खरी अडचण हीच असते. युरोपात वर्षाला लाखात सहापेक्षा कमी लोकांना होणारा कर्करोग दुर्मीळ मानतात. एकेक प्रकार असा विरळा. पण ते सगळे मोजले तर तिथल्या एकूण कर्करुग्णांपैकी पाचातला एक त्यांच्यात निघतो. म्हणजे दुर्मीळ रोग झालेली माणसे दुर्मीळ नाहीत. पण गावच्या डॉक्टरने असा एकही रुग्ण जन्मात पाहिलेला नसतो. तो खरजेचे मलम देतो, मग गजकर्णाचे, मग साखर तपासायला सांगतो. त्याचेही चुकत नाही, कारण शंभरांत नव्याण्णव वेळा तेच असते. शहाणपण एवढेच, की तीन-चार आठवड्यांत जी जखम भरत नाही, जिच्या कडा उचलल्यासारख्या जाड होतात, जी हात लागताच रक्त देते, तिचा तुकडा तपासलाच पाहिजे. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा गैरसमज अजून गावोगाव आहे. तो जितक्यांना घरी बसवतो तितक्यांना रोगही बसवत नसेल.

तुकडा तपासला की तो मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेत राहतो. रुग्णाला तो आणि काचा मागता येतात, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. दुर्मीळ गाठीत हे फार महत्त्वाचे, कारण एका नावाच्या गाठीला एक औषध आणि दिसायला तशाच दुसरीला वेगळे. मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, २०१२ मध्ये देशभरच्या रुग्णालयांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड झाली. एका डॉक्टरने जे कधी पाहिले नाही ते शंभर डॉक्टरांपैकी कुणीतरी पाहिलेले असते, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

पण रोग ओळखायला आधी बाईने कंबर उघडी करून दाखवली पाहिजे, आणि आमच्याकडे घोडे अडते ते इथेच. पुरुष डॉक्टरपुढे ती दाखवत नाही. हे दुःख नवे नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी सांगितले होते, की या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्यात, मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडा. त्याच रमाबाई पुढे आमच्या केडगावी आल्या, मुक्ती मिशन उभारले आणि १९२२ मध्ये इथेच विसावल्या. त्या साक्षीला आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. मुली डॉक्टर झाल्या. तरी खुरपणारी बाई जखमेवर हळद दाबून त्यावरच लुगडे नेसते.

वेळेत सापडला तर या रोगावर मुख्य उपाय शस्त्रक्रिया. जखमेभोवतीची चांगली कातडीही थोडी काढायची आणि मांडीची कातडी तिथे लावायची. इब्न सीना या थोर हकिमाने हजार वर्षांपूर्वी हेच लिहिले होते, की गाठ लहान असतानाच, भोवतालच्या भागासकट काढावी. रोग जांघेत गेला असेल तर तिथल्या गाठीही काढतात, आणि मग पाय सुजतो. किरणोपचाराने कातडी भाजल्यासारखी होते. इथून दुसरा इतिहास सुरू होतो, उपचारांच्या त्रासाचा.

कर्करोगावरचे पहिले रासायनिक औषध युद्धातल्या विषारी वायूच्या घराण्यातले होते. १९४२ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा माणसाला दिले गेले. दुसरे एक औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीत सापडले. त्यातले व्हिंक्रिस्टिन १९६३ पासून वापरात आहे. (म्हणून कुणी सदाफुलीची पाने चावू नयेत, ते विष आहे.) त्याने बोटांना मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लागत नाही. १९७८ मध्ये सिस्प्लॅटिन आले. त्याने अनेकांना जीवदान दिले, पण उलट्या अशा व्हायच्या की माणसे औषध अर्धे टाकून पळत. १९९१ मध्ये ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारे औषध अमेरिकेत बाजारात आले, आणि जी माणसे रोगाने नव्हे तर उपचाराने हरत होती ती टिकू लागली. त्याच वर्षी टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. बऱ्या झालेल्या मुलाचे हृदय, कान, वाढ पुढे कशी राहते हे तिथे वर्षानुवर्षे पाहतात. उपचार संपला म्हणजे जबाबदारी संपली नाही, हे मान्य करणे ही मला औषधाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

त्रास सांगायचा असतो, सोसायचा नसतो. हे आमच्या बायांना कुणी शिकवलेले नाही. केमोनंतर ताप आला तर तो साधा ताप नव्हे, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे. सिस्प्लॅटिनच्या दिवसांत डॉक्टर सांगतील तेवढे पाणी प्यायचे, नाहीतर मूत्रपिंडे दुखावतात. इथे उपास आडवा येतो. आजाऱ्याने रोजे पुढे ढकलावेत, अशी सवलत खुद्द कुराणात दिलेली आहे, आणि एकादशी मोडली म्हणून विठोबा रागावल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

वेदनेचेही तसेच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन इतके जखडले गेले, की खऱ्या दुखणाऱ्यालाही मिळेना. २०१४ मध्ये कायदा बदलला. त्याआधी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन आणि १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक केंद्र सुरू झाले होते. वारज्याला पैसे घेत नाहीत. केडगावहून पुण्याची गाडी धरणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाने मिळून घडवलेल्या, रुग्णाच्याच पेशींना रोगाशी लढायला शिकवणाऱ्या उपचाराला देशात परवानगी मिळाली. खानोलकरांच्या सूक्ष्मदर्शकापासून आपण इथवर आलो, याचा अभिमान आहेच. पण नेसूच्या गाठीवरचा उपाय याहून स्वस्त आहे. नाडी रुंद असावी, रोज थोडी वर-खाली बांधावी, घरात असताना सैल करावी. कातडीचा रंग बदलला तर नेसायची जागाच बदलावी. आणि वर्षातून एकदा घरातल्या लेकीने किंवा सुनेने म्हणावे, "आत्याबाई, जरा कंबर बघू द्या."

मराठीत कामाला लागणे म्हणजे कंबर कसणे. आमच्या बायांनी ती पिढ्यान्पिढ्या कसली. आता थोडी सैल सोडायला त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)